पोराच्या मोबाइलआधी घरातला राउटर बघा

म्हापशात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शुक्रवारच्या बाजाराला आलेले पेडणे-डिचोलीकडचे पालक काउंटरवर पिशव्या टेकवतात आणि म्हणतात, "पोराच्या मोबाइलला काय तरी लॉक घालून दे." मी आधी विचारतो, घरी वायफाय आहे? कारण पोराचा मोबाइल कुलूपबंद केला तरी आजोबांचा फोन आणि हॉलमधला टीव्ही मोकळाच असतो. चवथीला पाहुण्यांची पोरं आली की ती तर पहिल्यांदा वायफायचा पासवर्डच मागतात.

म्हणून सुरुवात राउटरपासून, म्हणजे घरभर वायफाय देणाऱ्या डब्यापासून. वायफायला जोडलेल्या फोनवर ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता टाका. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर पासवर्डासकट छापलेला असतो. आत लॅन किंवा डीएचसीपी नावाच्या भागात डीएनएसचे दोन रकाने दिसतील. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. त्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरा, सेव्ह करा, राउटर बंद करून चालू करा. ही क्लाउडफ्लेअर कंपनीची फुकट सेवा; अश्लील आणि व्हायरसवाल्या साइटी ती उघडूच देत नाही. लगेच राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला. स्टिकर पोरांनाही वाचता येतं!

मोबाइल डेटावर मात्र राउटर काही करू शकत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वर 'प्रायव्हेट डीएनएस' असं शोधा आणि तिथे इंग्रजी अक्षरांत फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम लिहा. मधली आडवी रेघ विसरू नका. माझ्याकडे परत येणाऱ्या निम्म्या लोकांची चूक तीच असते.

यूट्यूब आणि इन्स्टाग्राममध्ये ही चाळणी चालत नाही. डीएनएसला साइटचं नाव कळतं, आत कुठला व्हिडिओ चाललाय ते नाही. लहानांना यूट्यूब किड्स द्या. गूगलचं फॅमिली लिंक घाला, म्हणजे नवीन ॲप घेताना तुमची परवानगी लागेल. व्हीपीएनचं ॲप मागितलं तर सरळ नाही म्हणा. ते इंटरनेट दुसऱ्याच वाटेने वळवतं, त्यातून वरची सगळी मेहनत वाया जाते.

एवढं करूनही कधी तरी काही तरी दिसणारच. मूल स्वतः सांगायला आलं तर फोन हिसकावू नका, नाही तर पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येणार नाही. कोण धमकावत असेल तर चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. पण लहान मुलाचा अश्लील फोटो किंवा क्लिप आली तर "बघा काय चाललंय" म्हणून शाळेच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तो पाठवणाऱ्याचाच गुन्हा ठरतो. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर करा, असल्या मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही घेतात. मुलाला मदत हवी असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा.