जर्मनीला निघताय? बायकोमुलांच्या विम्याचं काम सांगलीतच सुरू होतं

गेल्या महिन्यात माहेरी तासगावला आले होते, तेव्हा सांगलीहून ओळखीच्या घरून फोन आला, "ताई, जरा आमचे कागद बघून जाल का?" विश्रामबागेत गेले. मुलगा वालचंद कॉलेजचा इंजिनिअर, श्टुटगार्टजवळ नोकरी लागलेली. तो महिन्याभरात निघणार, बायको आणि चार वर्षांची लेक मागाहून. हॉलमध्ये सतरंजीवर सगळे कागद मांडले होते आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून वर स्टीलच्या वाट्या ठेवल्या होत्या. मी 2013 पासून तिकडे राहते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, त्यानंतर मला असे फोन जास्त यायला लागलेत. त्या दुपारी जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी चांगली बातमी. नोकरदार माणूस तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात आला की त्याची न कमावणारी बायको किंवा नवरा आणि मुलं त्याच विम्यात फुकट येतात. याला फामिलियनफरझिशरुंग म्हणतात. मूळ वर्गणी पगाराच्या 14.6 टक्के, त्यावर प्रत्येक विमा संस्थेची थोडी जादा वर्गणी. दोन्हींतली निम्मी कंपनी भरते. घरात दोन माणसं असोत की पाच, कापला जाणारा पैसा तोच. या विमा संस्थांना क्रांकेनकासे म्हणतात. त्या नव्वदच्या आसपास आहेत आणि त्यातली कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवायचं. उपचारांचा मोठा भाग कायद्यानं ठरलेला असल्यामुळे त्यात फारसं डोकं शिणवू नका. फोनवर इंग्रजीत नीट बोलणारी कासे निवडा, पहिल्या वर्षी तेवढा आधार पुरतो.

पगार मोठा असेल तर खाजगी विमाही घेता येतो. 2025 साली त्यासाठी वर्षाला 73,800 युरोंच्या वर पगार लागायचा. एकट्या तरुण माणसाला त्याचा हप्ता स्वस्त वाटतो आणि तिथंच बरेच जण फसतात. खाजगीत माणशी वेगळा हप्ता असतो, बायकोचा वेगळा, प्रत्येक मुलाचा वेगळा. परत सार्वजनिक विम्यात यायचं तर अटी कडक, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर तर ते दार जवळपास बंदच होतं. लेकुरवाळ्या घरानं सार्वजनिक विमाच घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता नोंदणी. ती आपोआप होत नाही. तुमची नोंद कंपनी करते, पण कुटुंबासाठी वेगळा अर्ज तुम्हालाच भरावा लागतो, आणि आपल्याकडच्या लोकांचं घोडं तिथं नावावरून अडतं. अर्जात प्रत्येक माणसासमोर 'गेबुर्ट्सनामे' असा रकाना असतो. म्हणजे जन्माच्या वेळचं आडनाव. आपल्या बायकांनी तिथं माहेरचं आडनाव लिहायचं. सासरचं लिहिलं किंवा रकाना कोरा सोडला, की खुलाशाचं पत्र येतं आणि दोन-तीन आठवडे तिथंच जातात. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. लग्नपत्रिका आणि फोटो तिथं कामाचे नाहीत.

विश्रामबागेतल्या त्या दाखल्यावर मुलाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच जादा होता. पासपोर्टवर तो नव्हता. "एका अक्षरानं काय होतंय?" असं त्यांचे दीर म्हणाले. होतं. जर्मन कारकुनाला चव्हाण माहीत नसतात, त्याच्यापुढं दोन वेगळी माणसं उभी राहतात. अशी दुरुस्ती इथं आपल्या नगरपालिकेत, महापालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत होते. तिथून मेलवर करायची म्हटली तर कुणाला तरी रोज हेलपाटे मारायला लावावे लागतात. मुलीच्या जन्मदाखल्यात तर नावाची जागाच कोरी होती. बारशाआधी दाखला काढला आणि मग राहूनच गेलं, हे घरोघरी होतं. जन्मापासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येतं आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, तेव्हा काळजीचं कारण नाही, पण निघण्याआधी करा. आणखी एक. आपल्या पासपोर्टात मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं. तिकडं ती दोन्ही मुलाचीच नावं समजली जातात. समजू द्या. पासपोर्टवर जसं आहे तसंच प्रत्येक अर्जावर लिहा, कधी मधलं नाव घातलं, कधी गाळलं असं करू नका.

कुटुंब पोचलं की दोन आठवड्यांच्या आत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. विम्याचं कार्ड टपालानं येतं, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकानं पुढचं लक्षात ठेवावं. माझा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा. खालच्या टपालपेटीवर चिठ्ठी फक्त नवऱ्याच्या आडनावाची. पोस्टमननं माझं कार्ड परत पाठवलं. आम्ही पाच आठवडे वाट बघत बसलो. मधे मला ताप आला आणि दवाखान्यातल्या बाईंनी कार्ड मागितलं तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. कासेला फोन केल्यावर त्यांनी विमा असल्याचं पत्र त्याच दिवशी दिलं आणि त्यावर डॉक्टरांनी तपासलं. ते पत्र मागता येतं हे मला आधी ठाऊक असतं तर ती दोन दिवसांची घालमेल वाचली असती. घरात जितकी आडनावं आहेत तितकी सगळी पेटीवर आणि दाराच्या घंटीवर पहिल्या दिवशी लावा.

एक भान ठेवा, कुटुंबाचा हा विमा ते जर्मनीत राहायला आल्यावरच लागू होतो. व्हिसासाठी आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी प्रवासाचा विमा वेगळा काढावाच लागतो.

फुकट विमा टिकतो तो कमाई मर्यादेत असेपर्यंत. 2025 साली ही मर्यादा महिन्याला 535 युरो होती, मिनीजॉब म्हणजे कमी पगाराची छोटी नोकरी असेल तर 556. दरवर्षी जानेवारीत आकडा बघत जा. आपल्या बायका रिकाम्या बसत नाहीत. कुणी शिकवण्या घेते, कुणी डबे देते, आणि बघता बघता आकडा ओलांडला जातो. सांगलीतल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या ठेवीचं व्याज हेही उत्पन्नच. फॉर्मवर विचारतील तेव्हा खरं लिहा. नंतर उघडकीला आलं तर मागची वर्गणी एकरकमी भरावी लागते.

कासे अधूनमधून, बहुतेक वर्षातून एकदा, कुटुंबाची माहिती ताजी करायला प्रश्नावली पाठवते. जर्मनमधलं चार पानी पत्र बघून ते फ्रीजवर चुंबकानं लावून ठेवायची सवय मी खूप घरांत पाहिलीय. उत्तर गेलं नाही तर कुटुंबाचा विमा बंद होऊ शकतो. कासेचं पत्र आलं की त्याच आठवड्यात कुणाकडून तरी वाचून घ्या, अगदी शेजारच्या आजींकडूनही.

मुलांचं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. 2020 च्या मार्चपासून बालवाडीत आणि शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. औषधांना मोठ्या माणसांना किमतीच्या दहा टक्के, कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा युरो भरावे लागतात. अठराच्या आतल्या मुलांना ते माफ असतं.

आता अवघड गोष्ट. कागद आवरत होतो तेव्हा वहिनींच्या सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या दोघांची नावं कधी चढवायची?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डावर जी नावं, ती कुटुंब. सासू, सासरे, सून, नातवंडं एकाच कार्डावर. जर्मनीच्या कायद्यात या विम्यापुरतं कुटुंब म्हणजे नवराबायको आणि मुलं, मुलंही कमावती नसतील तर तेविसाव्या आणि शिकत असतील तर पंचविसाव्या वर्षापर्यंत. आईवडील त्यात बसत नाहीत, कितीही पैसे भरायची तयारी असली तरी. 1 मार्च 2024 पासून पहिल्यांदा राहण्याचा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना राहायला बोलावता येतं, पण त्यांचा पुरेसा विमा आधी दाखवावा लागतो, आणि उतारवयात तो मिळणं अतिशय महाग आणि कठीण. तीन महिन्यांच्या भेटीला आणायचं तर किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. त्यात जुनं दुखणं बहुधा धरत नाहीत. साखर, रक्तदाब, गुडघा हे सगळं जुनंच असतं. पॉलिसी घेताना ते कलम शोधून वाचा आणि आईबाबांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पुरेशा बरोबर द्या.

हे त्यांना सांगताना मला जड गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, वाट्या उचलायला लागल्या. पण त्यांचं इथलं काम पक्कं करणं आपल्या हातात असतं. सासरे बहात्तरचे आहेत. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, उत्पन्नाची अट नाही, आणि ते आधारवर निघतं. त्यांचं काढलेलंच नव्हतं. सासूबाई अडुसष्टच्या, म्हणजे त्यांच्यासाठी रेशनकार्डावरची योजना. त्यांच्या आधारवरचं नाव रेशनकार्डाशी जुळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुलाचा मेसेज आला. तो आईवडिलांना घेऊन सीएससी या सरकारी सेवा केंद्रात रांगेत उभा होता.