लोडेड सायकलीचा फोटो असा काढा की बघणाऱ्याला सामान कसं बांधलंय ते कळेल

टूरला निघालेल्या सायकलींचे फोटो आपल्या सोलापूरच्या सायकल ग्रुपवर पडतच असतात. सूर्योदय असतो, हात वर केलेला माणूस असतो, आणि सायकल मागं कुठंतरी गवतात आडवी पडलेली असते. फोटो भारी असतो, अंगठे पण भरपूर येतात, आणि मग खाली एखादा नवखा विचारतो, दादा तंबू कुठं बांधलाय? पुढच्या बॅगा कशावर टांगल्यात? त्याला दाखवायला फोटोत काहीच नसतं. पॅनिअर (चाकाच्या दोन्ही बाजूंना टांगायच्या बॅगा), लो-रायडर कॅरिअर (पुढच्या चाकाला खालच्या बाजूला बसणारं) असलं सामान आपल्यातले बरेच जण न बघताच ऑनलाइन मागवतात, म्हणून दुसऱ्याच्या सायकलीचा नीट काढलेला फोटो लई कामाला येतो. तेव्हा फोटो सामानासाठी काढायचा, मागं निसर्ग आला तर चांगलंच.

सायकल टूरचं हे खूळ आजचं नाही बरं का. १९२३ साली मुंबईतून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. आता असल्या माणसांबद्दल वाचताना आपल्याला पहिला प्रश्न काय पडतो, तर यांनी एवढं सामान नेलं कसं.

असो, कामाचं बोलू. सगळ्यात अवघड भाग कॅमेरा नाही, सायकल उभी करणं आहे. रिकामी सायकल कुठंही टेकते, पण वीस-पंचवीस किलो चढवल्यावर पुढचं चाक आपोआप वळतं, सायकल सरकते आणि तुम्ही फोन घेऊन मागं जाईपर्यंत धाडकन खाली. त्यावर जुना आणि फुकटातला उपाय आहे. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब घ्या, दोन बोटं रुंदीच्या चकत्या कापा आणि एक कायम हँडलवर अडकवून ठेवा. सायकल उभी केली की पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबायचा आणि ती रबराची चकती लिव्हर आणि हँडलच्या ग्रिपवर मिळून चढवायची, झाला हँडब्रेक. चाक फिरत नाही म्हटल्यावर सायकल सरकत नाही. चहाला थांबल्यावर पण हेच करा.

साईड स्टँड असेल तर जमीन बघा. आपल्याकडं रस्ता सोडला की काळी माती, आणि पावसाळ्यात तर लोड असलेल्या सायकलीचा स्टँड बघता बघता आत रुततो, सायकल हळूहळू कलते आणि मग एकदम बसते. स्टँडखाली चपटा दगड नाहीतर फरशीचा तुकडा ठेवायचा. स्टँड नसेल तर पलीकडच्या बाजूनं, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, आडव्या दांडीखाली एक काठी टेकवा. आणि सायकल रस्त्यावरून खाली उतरवायच्या आधी वाकून जमिनीकडं बघा, सराटे आणि बाभळीचे काटे आपल्या भागात पाचवीला पुजलेले आहेत. फोटोसाठी चार पावलं गवतात गेलो आणि दोन्ही चाकं पंक्चर, हे लई जणांचं झालंय. उचलून न्यायची तर पंचवीस किलो सामान, म्हणजे ते होणार नाहीच, त्यामुळं डांबराला लागून असलेली टणक मोकळी जागा शोधा.

आता मेन फोटो. सायकल उजव्या बाजूनं घ्यायची, म्हणजे चेन, गिअर, चेनव्हील सगळं समोर येतं. उजवं पायडल पुढं आडवं ठेवा. पुढचं चाक सरळ, निदान फार वळलेलं नको. हौशी लोक टायरचे दोन्ही व्हॉल्व्ह खाली बरोबर एका जागी आणतात, ते नाही केलं तरी चालतंय पण केलं की फोटो नीटनेटका दिसतो हे खरं. मग तुम्ही उकिडवं बसा, फोन आडव्या दांडीच्या उंचीला आणा, आणि जवळ जाऊन फोटो काढू नका. जवळून काढला की पुढचं चाक भलतंच मोठं आणि चपटं दिसतं, मागची बॅग बारीक. आठ-दहा पावलं मागं जा आणि दोन एक्स झूम लावा, मग सायकल जशी आहे तशी दिसते. फोन आडवा धरा, ग्रिड चालू ठेवा, जमिनीची रेघ सरळ आली पाहिजे, नाहीतर सपाट हैदराबाद रोड पण घाटासारखा वाटतो.

मागं काय आहे ते बघा. टूरिंगच्या बॅगा बहुतेक काळ्या, टायर काळे, सायकल काळी, आणि आपण ती उभी करतो भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडासमोर, मग फोटोत राहतंय काय? किल्ल्याचाच फोटो हवा असेल तर सायकल लांब उन्हात ठेवा आणि भिंत मागं धूसर जाऊ द्या. झाडीसमोर, उभ्या ज्वारीसमोर, उसासमोर पण तेच होतं, पात्यांच्या गर्दीत स्पोक, केबल, दोऱ्या सगळं मिसळून जातं. सगळ्यात भारी म्हणजे चुना मारलेली साधी भिंत. रविवारी बंद असलेली झेडपीची शाळा बघा, भिंतीवर पाढे नाहीतर नकाशा रंगवलेला असला तर गाव कुठलं ते पण आपोआप येतं. कुणाला तरी विचारून घ्या एवढंच. कंबर तलावाच्या काठावर, नाहीतर सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला मागं पाणी आणि आकाश येतं, तिथं पण सायकलीची बाह्यरेषा सुटी दिसते.

हत्तरसंग कुडलला बरेच जण रविवारी राइडला जातात, भीमा-सीनेचा संगम आहे आणि मराठीतला सगळ्यात जुना मानला जाणारा शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख तिथंच आहे. फोटो जरूर काढा, पण मंदिराच्या दगडाला सायकल टेकवून नाही. हजार वर्षांच्या दगडावर आपल्या पायडलचा ओरखडा कशाला. धरणाच्या भिंतीवर फोटोला मनाई असते, उजनीला गेलात तर पाटी वाचा.

ऊन म्हणाल तर सोलापूरचं ऊन फोटोला पण बेकार. सकाळी दहानंतर बॅगेची सावली चाकावर पडते आणि कॅरिअरचे बोल्ट, हूक सगळं काळ्यात जातं. सकाळी निघतानाच काढा, सूर्य तुमच्या पाठीमागं ठेवा आणि उजेड सायकलीच्या चेनकडच्या बाजूवर पडू द्या, म्हणजे सायकल कुठल्या दिशेला तोंड करून उभी करायची ते आपोआप ठरतं. रात्री फ्लॅश मारू नका, बॅगेवरची रिफ्लेक्टर पट्टी फटकन पांढरी होते आणि बाकी सगळा अंधार.

एक आडवा फोटो झाला म्हणजे काम संपलं नाही. खरी माहिती जवळच्या फोटोत असते आणि तेच लोक काढत नाहीत. मागच्या कॅरिअरचे पाय फ्रेमला कुठं बोल्ट केलेत, फ्रेमला भोकं आहेत का क्लॅम्प लावलाय, पॅनिअरचा खालचा हूक कशात अडकवलाय, हे एकेक जवळून घ्या. टाचेचा फोटो तर पाहिजेच पाहिजे. मागची बॅग जास्त पुढं आली की पायडल मारताना टाच बॅगेला लागते, आणि नवीन पॅनिअर घेणाऱ्याला हीच भीती असते कारण सायकलीची मागची दांडी, म्हणजे पायडलपासून मागच्या चाकाकडं जाणारी, लांब आहे का आखूड यावर ते ठरतं. तर सीटवर बसा, बूट घाला, पाय मागच्या टप्प्यावर नेऊन थांबवा आणि दुसऱ्याला बाजूनं फोटो काढायला सांगा, टाच आणि बॅग यांच्यात किती बोटं जागा आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे. एक फोटो पाठीमागून काढा, चाक मधोमध आणि दोन्ही बाजूच्या बॅगा, त्यात लोड एका बाजूला झुकलाय का ते कळतं, आणि मागची लाल लाइट चादरीच्या गुंडाळीखाली दबलीय का ते पण कळतं, ती लाइट तर ट्रकवाल्याला दिसायलाच पाहिजे. हो, चादर म्हटलं, कारण आपले काही गडी स्लीपिंग बॅगसोबत सोलापुरी चादर पण बांधतातच. सुती आहे, जड आहे, भिजली तर वाळता वाळत नाही, पण ऐकतंय कोण, आणि खरं सांगू का फोटोत ती दिसली की सायकल कुठली आहे ते विचारावं लागत नाही.

बंजी कॉर्ड, म्हणजे हूक असलेली लवचिक दोरी, वापरली असेल तर तिचा हूक कुठं अडकवलाय ते दाखवा आणि लोंबणारं टोक स्पोकपासून लांब आहे ना ते फोटो झूम करून स्वतः पण तपासा. फोटो काढताना अशा चुका सापडतात हा वेगळाच फायदा.

फोटोखाली काय लिहायचं? "निघालो" आणि चार इमोजी, याचा कुणाला उपयोग नाही. वजन लिहा. घरात वजनकाटा असेल तर आधी नुसते तुम्ही उभे राहा, मग बॅग हातात घेऊन, फरक म्हणजे बॅगेचं वजन, प्रत्येक बॅगेचं वेगळं घ्या. पाणी धरायला विसरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि मार्च-एप्रिलात विजापूर रोडला लागलात तर चार-पाच लिटर सोबत असतंच. कॅरिअरवर किती किलोची मर्यादा लिहिलीय ते पण टाका, चांगल्या कॅरिअरवर ते कोरलेलं असतं, बऱ्याच वेळा २५. टायर किती रुंदीचा, स्पोक ३२ का ३६, आणि सगळ्यात हलका गिअर कुठला. पुढं २६ दातांचं चेनव्हील आणि मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या जुडग्यात, सगळ्यात मोठं चक्र ३४ दातांचं असं लिहिलंत की वाचणाऱ्याला लगेच कळतं हा माणूस तुळजापूरचा घाट सामानासकट बसून चढणार, आणि पुढं ४६ आणि ३६ दातांची चेनव्हील लिहिली तर कळतं की एवढ्या जड गिअरसाठी खालच्या कमेंटमध्ये याला कुणीतरी ओरडणार आहे.

नमुना म्हणून असं लिहा: "सोलापूर ते हंपी, विजापूर-होस्पेट मार्गे. मागं दोन पॅनिअर, डावीकडं कपडे आणि रेनकोट ५ किलो, उजवीकडं स्टोव्ह, भांडी, टूल ६ किलो. पुढं लो-रायडरवर दोन छोट्या बॅगा, तीन-तीन किलो, त्यात खाणं आणि पॉवर बँक. तंबू कॅरिअरवर आडवा, दोन पट्ट्यांनी. पाणी ३ लिटर. टायर ४० मिमी." बस, एवढ्यात सगळं आलं. खाण्याच्या बॅगेत काय आहे ते लिहिलंत तर अजून मजा, आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी टूरला बघून बनवल्यासारखी आहे, दिवसेंदिवस टिकते, बाहेरगावच्या लोकांना हे सांगायलाच पाहिजे.

पाठवताना एक गोष्ट कायम राहून जाते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबून बारीक होतो आणि मग कुणी झूम करून हूक बघायला गेलं तर नुसते चौकोन. एचडीचा पर्याय निवडा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फोटो जसाच्या तसा जातो. पण डॉक्युमेंटमधून फोटोसोबत लोकेशनची माहिती पण जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून मग फोटो काढा. इन्स्टाला टाकताना क्रॉप बघा, आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवायला गेलं की पुढचं चाक आणि मागची बॅग कापली जाते, म्हणजे मुद्द्याचंच कापलं. फिल्टर लावू नका, नारिंगी फिल्टरमध्ये बॅगेचा रंग पण खरा कळत नाही.

निघताना दारात काढलेला फोटो सगळ्यांनाच आवडतो, घरचे पण त्यात असतात. तो त्याच दिवशी सगळ्या जगाला दाखवू नका. मागं घराची पाटी, गल्ली, आणि खाली "दहा दिवसांची टूर", म्हणजे घर रिकामं आहे असा बोर्ड लावल्यासारखंच. घरच्यांना लाइव्ह लोकेशन द्या, बाकीच्यांना मुक्काम हलल्यावर, दुसऱ्या दिवशी. फ्रेमचा नंबर बहुतेक सायकलींना फ्रेमच्या खालच्या बाजूला, पायडलचे दांडे जिथं बसतात तिथं कोरलेला असतो, त्याचा फोटो जरूर काढा पण स्वतःजवळ ठेवा, चोरी झालीच तर पोलीस स्टेशनला तोच लागतो. वाटेत सायकलभोवती शाळेची पोरं जमतात आणि हौसेनं पोझ देतात, त्यांचा फोटो टाकायच्या आधी मास्तरांना किंवा घरच्यांना विचारा, नाही म्हटले तर सायकलीचाच टाका.

आणि रस्त्याच्या मधोमध सायकल उभी करून फोटो, हे नकोच. पंढरपूर रोडला उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात, त्यांना ब्रेक मारून थांबायला किती वेळ लागतो ते एकदा बघा म्हणजे पटेल.

टूरवरून आलात की त्याच फोटोखाली दोन ओळी अजून वाढवा. काय नेलं पण बॅगेतून बाहेरच निघालं नाही, काय न्यायला पाहिजे होतं, कुठली पट्टी घासून तुटली, कॅरिअरचा कुठला बोल्ट कितव्या दिवशी सैल झाला आणि तो कशानं आवळला.