धडधडीशी ओळख

इंदूरला भंवरकुआँच्या कोचिंगच्या गल्ल्यांतली मुलं पॅनिक अटॅकची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांची, तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा ईसीजी काढून झालेला असतो. ते बरंच आहे. हृदय, थायरॉइड, हिमोग्लोबिन, दमा हे डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यायलाच हवं. सगळं ठीक निघालं की मी वही उघडायला सांगते.

पहिल्या पानावर शेवटचा पॅनिक अटॅक. कुठे होतास, शरीरात आधी काय झालं, आणि त्या क्षणी मनात कुठलं वाक्य आलं? या वाक्यापाशी मी घाई करू देत नाही. एका मुलानं लिहिलं, ‘सिटी बसमध्ये छाती धडधडली, आता हार्ट बंद पडणार.’ धडधडीला घाबरला, म्हणून शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारं अ‍ॅड्रेनलिन वाढलं, म्हणून धडधड आणखी वाढली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं. साध्या लक्षणाचा आपण भयंकर अर्थ लावतो आणि तिथून भडका उडतो.

“आजवर किती अटॅक आले?”
“अकरा.”
“हार्ट किती वेळा बंद पडलं?”
तो गप्प.

पण वाद घालून भीती जात नाही, अंगाला अनुभव द्यावा लागतो. आम्ही दोघं मिनिटभर जागच्या जागी धावलो. मग मी त्याला स्वतःच्या छातीवर हात ठेवायला सांगितलं. “बसमध्ये अशीच होती ना?” “अगदी अशीच, ताई.” काहीही न करता बसून राहिलो. धडधड आपली आपण उतरली. भीती दहापैकी आठ होती, ती तीनवर आली. हे त्याला रोज करायला दिलं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नको.

मग बसचा प्रवास. आधी एक स्टॉप, नंतर तीन. तो पाण्याची बाटली घट्ट धरून बसायचा. तीही सोडायला लावली, नाहीतर ‘बाटलीमुळे वाचलो’ एवढंच मन शिकतं. बसपेक्षा बाटली सोडणं त्याला जड गेलं.

आईबाबांनी ‘शांत हो, शांत हो’चा धोशा लावू नये. अटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि ओसरू लागतो. जवळ बसा, ‘मी इथेच आहे’ म्हणा. आजीला मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, पण दुसऱ्या दिवशीची बस चुकवू देऊ नका.

आणि ‘जगावंसं वाटत नाही’ असं मूल म्हणालं, तर वही बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन लावा.