हिपॅटायटिस बी: ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट आणि लशीबाबत या चुका टाळा

दापोली-गुहागरकडच्या छोट्या लॅबमध्ये ही तपासणी बहुधा कार्डावर होते. सीरमचे दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटं. ‘सी’समोर (कंट्रोल) रेघ आली, ‘टी’समोर (टेस्ट) नाही, की रिपोर्ट निगेटिव्ह. बहुतेकदा तो बरोबरच असतो. पण एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असेल किंवा घरात कुणाला हा आजार असेल, तर तेवढ्यावर थांबू नका.

कार्ड शोधतं विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, एचबीएसएजी. त्यातला १२४ ते १४७ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा भाग लशीमुळे तयार झालेल्या अँटीबॉडी ओळखतात, आणि बऱ्याच किटही. तिथेच बदल झाला तर दोन्ही चकू शकतात. १४५व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन येणं हा त्यातला सर्वांत गाजलेला बदल. १९९० साली इटलीतल्या एका बाळात तो नोंदवला गेला. आई बाधित होती, बाळाला लस मिळालेली होती. म्हणून शंका असेल तर डॉक्टरांना अँटी-एचबीसी टोटल (विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या अँटीबॉडी) आणि एचबीव्ही डीएनए (खुद्द विषाणूचा डीएनए) या तपासण्यांबद्दल विचारा. नमुना मुंबईला पाठवावा लागला, रिपोर्टला दिवस गेले, तरी चालेल.

‘विषाणू बदलतो, मग लस कशाला?’ हा विचार तर फारच घातक. तैवानने १९८४मध्ये बाळांचं लसीकरण सुरू केलं. तैपेईतल्या मुलांमधलं बाधितांचं प्रमाण सुमारे दहा टक्के होतं, ते १९९९पर्यंत एका टक्क्याखाली आलं. उरलेल्या बाधितांत बदललेल्या विषाणूचा वाटा वाढला हे खरं, पण मुळात बाधित मुलंच कितीतरी कमी झाली.

बाळंतपणाला माहेरी येताना मुंबईची फाईल तिकडेच राहते, आणि इथल्या डॉक्टरांना आईचा रिपोर्ट कळतच नाही. असं होऊ देऊ नका. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस हवाच. आई पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन. ते तालुक्याच्या गावी ऐनवेळी मिळेलच असं नाही, आधी विचारून ठेवा. पुढचे डोस पुरे करून ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान बाळाचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (त्याविरुद्धच्या संरक्षक अँटीबॉडी) दोन्ही तपासा. अँटी-एचबीएस १० एमआययू/मिली किंवा जास्त, म्हणजे पुरेसं, आलं म्हणून एचबीएसएजीची तपासणी गाळू नका. क्वचित दोन्ही एकत्र सापडतात.

काविळीचं गावठी औषध घेऊन डोळ्यांचा पिवळेपणा गेला, तरी विषाणू गेला असं समजू नका.

लॅमिव्ह्युडीन ही या आजारावरची जुनी गोळी बरीच वर्षं चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. विषाणूचे दोन जीन (हे औषध ज्यावर काम करतं तो आणि पृष्ठभागाच्या प्रथिनाचा) एकमेकांवर चढलेले असल्याने या औषधाला दाद न देणारा विषाणू कधीकधी पृष्ठभागही बदलतो. आता टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅविर देतात. मात्र चालू गोळी मनाने बंद करू नका. आजार एकदम उसळू शकतो.