जेवण निवतं, पण काय बघायचं ते ठरत नाही?

रात्री जेवणाचं ताट हातात घेऊन मालिका शोधायला बसलात, की अर्धा तास पोस्टर सरकवण्यातच जातो. त्यापेक्षा कुणी काही सुचवलं की लगेच मोबाइलवरून ते ॲपच्या 'माय लिस्ट'मध्ये टाकून ठेवा. रात्री फक्त त्या यादीतूनच निवडायचं.

यादीत टाकण्याआधी भाग किती आणि गोष्ट संपते का, एवढं बघाच. 'चेर्नोबिल' (2019) पाच भागांत संपते, दोन सुट्ट्यांत आटोपते. श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' मात्र 53 भागांची. ती रविवारी एकेक भाग अशी चवीनं बघण्यातच मजा आहे, एका दमात बघायला गेलात तर दहाव्या भागाला हात टेकाल. (निवांत चालीची सवय लागायला दोन भाग जातात, तेवढी कळ काढा.)

माहितीपट म्हणजे शाळेतला तास, असं वाटणाऱ्यांनी छोट्यापासून सुरुवात करावी. 'द एलिफंट व्हिस्परर्स' जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हत्तीची अनाथ पिल्लं सांभाळतात, त्याची ही गोष्ट. 2023 मध्ये तिला ऑस्कर मिळालं, पण ते सोडा. रघू नावाचं ते पिल्लू बघून घरातली पोरंसुद्धा जागची हलत नाहीत.

आणि सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. सकाळी ऑफिस असेल तर आजच.