लोकरी जॅकेट अंगाला नीट बसेल असं कसं निवडावं

काही वर्षांपूर्वी थंडीच्या तोंडावर मी एक राखाडी लोकरी जॅकेट घेतलं. रंग सुंदर, कापड मऊ, फक्त कंबरेत जरा सैल. कंबर काय, शिंपी आत घेईल, असं म्हणून ते थेट पेठेतल्या आमच्या शिंपीकाकांकडे नेलं. त्यांनी कंबरेकडे पाहिलंही नाही. मागे उभं राहून दोन्ही खांद्यांच्या टोकांचं कापड चिमटीत धरलं. दोन्हीकडे बोटभर कापड रिकामं होतं. "कंबर अर्ध्या तासाचं काम," ते म्हणाले, "पण हा खांदा मी हातात घेणार नाही. केला तरी तुम्हाला आवडणार नाही." खडू त्यांनी उचललाच नाही.

मग त्यांनी अस्तराची शिवण जरा सोडून आतलं दाखवलं. बाही, मुंढा (बाही जिथे जोडतात ती काखेभोवतीची गोल कापणी), खांद्याचं पॅड, बाहीच्या डोक्याला गोलाई देणारी पट्टी आणि अस्तर असं सगळं एकाच ठिकाणी येऊन जोडलेलं असतं. खांदा अर्धा इंच आत घ्यायचा, तर दोन्ही बाह्या उसवायच्या, मुंढा नव्याने कापायचा आणि बाही परत बसवायची. मजुरी भरपूर आणि जॅकेटचा मूळ डौल जातो तो जातोच.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: खांदा, कॉलर, छाती, उंची. कंबर आणि बाही शेवटी, कारण ती दुरुस्त होतात. दुकानात बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी आकडा विचारतात, मग आरशात पोट बघतात. पुढचं सगळं या क्रमाभोवतीच आहे.

एक शब्दाचा खुलासा आधी करतो. आपल्याकडे 'जाकीट' म्हटलं की झब्ब्यावर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट डोळ्यांसमोर येतं. इथे मी बोलतोय ते बाह्यांच्या, कोटासारख्या शिवलेल्या पण ऑफिसच्या सूटइतक्या कडक नसलेल्या लोकरी जॅकेटबद्दल. जीन्सवर, कॉर्डरॉयवर, कॉटनच्या पँटवर चालेल असं.

आधी पुण्याची हवा, मग कापड

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहूनही खाली. त्याच दिवशी दुपारी तो २८-३० वर असतो. सवाई गंधर्व महोत्सवाला दुपारी मांडवात शिरताना ऊन लागतं आणि रात्री बाहेर पडताना कान झाकावेसे वाटतात. आपलं जॅकेट या दोन्ही वेळांना चालायला हवं.

म्हणून कापडाचं वजन विचारा. प्रति चौरस मीटर साधारण २२० ते २८० ग्रॅमचं लोकरी कापड पुण्याला पुरतं. जाड ट्वीड, म्हणजे भरड विणीचं खरखरीत लोकरी कापड, दिसायला देखणं असतं, पण ते जन्मलंय दुसऱ्या हवेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या वादळी बेटांवर विणकर आपल्या घरी हॅरिस ट्वीड विणतात आणि १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने त्या नावाला संरक्षण आहे. ते कापड मला मनापासून आवडतं. पण पुण्यात ते वर्षातून मोजकेच दिवस अंगावर टिकेल, हे धरूनच पैसे घाला.

कापडाचा मापाशी थेट संबंध आहे. हलक्या जॅकेटच्या आत तुम्ही शर्ट किंवा पातळ स्वेटर घालणार, त्यामुळे माप अंगाजवळचं चालतं. पूर्ण अस्तराऐवजी पाठीच्या वरच्या भागापुरतंच अस्तर असेल तर उत्तम, दुपारी घुसमटत नाही. लेबलवर लोकर किती आणि पॉलिएस्टर किती तेही वाचा. शुद्ध लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही. शिवाय वाफेच्या इस्त्रीने तिला थोडा आकार देता येतो, म्हणून शिंप्यालाही ती सोपी जाते. पॉलिएस्टर वाढलं की ही सोय कमी होते.

घरी माप घ्या, तेही दोन प्रकारे

पहिलं माप अंगाचं. पातळ शर्ट घालून सरळ उभे राहा आणि टेप दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. टेप काखेखालून, छातीच्या सगळ्यात रुंद भागावरून, पाठीवर न घसरता आडवा जायला हवा. श्वास नेहमीसारखा घ्या. माप घेताना सगळेच छाती फुगवतात आणि तिथेच एक इंच चुकतो.

दुसरं माप कपड्याचं. घरात नीट बसणारं एखादं जुनं जॅकेट असेल तर ते पलंगावर सपाट पसरा, बटण लावा. पाठीवर कॉलरच्या खाली एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा. मग एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. शेवटी कॉलरच्या खालच्या शिवणीपासून तळापर्यंत पाठीची उंची. हे तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. ऑनलाइन घेताना हेच तीन आकडे तुम्हाला वाचवतील.

कारण तक्त्यांमध्ये एक मोठा घोळ असतो. काही कंपन्या अंगाचं माप छापतात, काही तयार कपड्याचं. छाती ४० इंच असेल तर जॅकेटची छाती ४३ ते ४४ इंच असणं योग्यच आहे, हालचालीला ती मोकळीक लागते. तक्त्यात '४०' कशाचं लिहिलंय हे न बघता मागवलं तर जॅकेट एक तर लोंबतं, नाहीतर काखेत काचतं.

आकड्यांची भाषा सोपी आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन आकडा म्हणजे छातीचे इंच. युरोपियन आकडा म्हणजे छातीच्या सेंटिमीटरांच्या निम्मे. म्हणजे इंचातल्या आकड्यात १० मिळवले की युरोपियन आकडा येतो: ४० म्हणजे ५०, ४२ म्हणजे ५२. स्मॉल, मीडियम, लार्ज मात्र कंपनीगणिक बदलतात. त्यावर विसंबून राहू नका.

छाती ३९ भरली तर? आत स्वेटर घालणारे ४० घ्या, फक्त शर्ट घालणारे ३८ आणि ४० दोन्ही घालून बघा. निर्णय खांद्यावर सोडा.

दुकानात: खांद्याला वेळ द्या

लक्ष्मी रोडला जा, कॅम्पात जा, नाहीतर मॉलमध्ये. जाताना कॉलरचा शर्ट घाला आणि जॅकेट ज्या पँटवर घालणार तीच घाला. फोन आणि किल्ल्या खिशात ठेवूनच बघा, कारण नंतरही त्या तिथेच असणार.

जॅकेट घातल्यावर हात सैल सोडा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड जिथे संपतं तिथेच संपायला हवी. ती पुढे गेली की बाहीच्या वरच्या टोकाला खळगा पडतो. ती अलीकडे राहिली की दंड शिवणीबाहेर फुगून येतो आणि बाहीवर ताण दिसतो.

आरशावर विश्वास नसेल तर भिंतीची कसोटी घ्या. भिंतीला बाजू करून उभे राहा आणि हळूहळू तिच्याकडे सरका. दंड आणि जॅकेटचा खांदा जवळजवळ एकाच वेळी टेकले तर माप बरोबर. रिकामं पॅड आधी टेकून दुमडलं तर तो आकडा तुमचा नाही. विक्रेता "आजकाल असंच घालतात" म्हणेल. सैल खांदा मुद्दाम शिवलेला असतो, तेव्हा तो उतरता आणि मऊ असतो, पॅड नसतं. पॅड असलेला खांदा बाहेर लोंबतोय, ही निव्वळ मापाची चूक.

बहुतेकांचा एक खांदा किंचित खाली असतो. त्याला घाबरू नका. त्या बाजूला पातळ पॅड घातलं की तो भरून निघतो.

मग मान. मागून कॉलर शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी आणि वर शर्टाची अर्धा इंच पट्टी दिसावी. मध्ये फट दिसत असेल, किंवा कॉलरखाली पाठीवर आडवी घडी येत असेल, तर ते जॅकेट तुमच्या पाठीच्या ठेवणीचं नाही. दुसऱ्या कंपनीचं बघा. आकडा बदलून हा दोष सहसा जात नाही.

आता बटण. दोन बटणांचं असेल तर वरचं लावायचं, खालचं नेहमी उघडं. वरचं बटण बेंबीच्या आसपास यावं. आत सपाट तळवा सहज जावा आणि मूठ केली की कापड ताणलं जावं. बटणापासून फुलीसारख्या सुरकुत्या निघाल्या तर घट्ट. पोट असलेल्यांनी लाज न बाळगता बटण लावून, खुर्चीवर बसून बघावं. 'मी उघडंच घालणार' म्हणून घेतलेलं, बटण न लागणारं जॅकेट समोरून दोन्हीकडे फाकतं आणि पोट उलट जास्त दिसतं.

उंची: मागून बैठक जेमतेम झाकली जावी. जीन्सवरचं जॅकेट सूटपेक्षा इंचभर आखूड चालतं. याहून लांब असेल तर सोडून द्या. तळ कापला की खिसे खाली सरकल्यासारखे दिसतात.

पुणेरी कसोटी: हँडल आणि खुर्ची

आरशासमोर हात बांधून उभं राहायला आपण जॅकेट घेत नाही. दुकानातच दोन्ही हात पुढे करा, स्कूटरचं हँडल धरल्यासारखे. बाही थोडी वर सरकणारच, ते ठीक आहे. पण पाठीवर ताण येऊन शिवण कुरकुरत असेल, किंवा पूर्ण जॅकेटच वर उचललं जात असेल, तर मुंढा खोल आहे. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. सैल, खोल मुंढ्याने हात मोकळा होत नाही, उलट हातासोबत सगळं जॅकेट ओढलं जातं. काखेच्या जवळ पण न काचणारा मुंढा हवा. मोठा आकडा घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

मग बसा. दोन-तीन मिनिटं तरी बसा. बटण काढून बसल्यावर कॉलर मानेवर चढत नाही ना, खिशातला फोन बरगडीत टोचत नाही ना, ते बघा.

शिंप्याकडे काय न्यावं, काय नेऊ नये

आता कंबर आणि बाही. बाजूच्या शिवणीतून कंबर एक ते दीड इंच आत घेता येते. सैल करायची असेल तर आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, किती सोडलीय त्यावर सगळं अवलंबून. दुकानातच अस्तर बोटांनी चाचपून शिवणीतली जास्तीची पट्टी लागते का बघा. स्वस्त जॅकेटमध्ये ती जेमतेम असते.

बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी. अंगठ्याच्या टोकापासून वर साधारण पाच इंच मोजलं की ती जागा येते. आतल्या शर्टाची कड सेंटिमीटरभर दिसली तर छानच. बाही इंचभर आखूड करणं सोपं काम आहे. पण बाहीच्या बटणांना खरी, उघडी काजं असतील तर थांबा. तिथून आखूड केलं की काज कडेच्या फार जवळ येतं. मग बाही खांद्याकडून उचलावी लागते आणि आपण परत त्या मुंढ्यापाशी येऊन पोहोचतो.

उंची फार कमी किंवा फार जास्त असेल, किंवा छाती आणि पोटाच्या मापात नेहमीपेक्षा वेगळं गणित असेल, तर शिवूनच घ्या. ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) साधारण दोन मीटर कापड लागतं, चौकड्याचं असेल तर पाव मीटर जास्त घ्या, म्हणजे चौकडे जुळवता येतात. कापायच्या आधी कापड वाफेवर आकसवून घ्यायला सांगा आणि कच्च्या टाक्यांवर एक ट्रायल मागा. वेळही बघून जा. दिवाळीआधी शिंप्यांकडे मान वर करायला फुरसत नसते आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईचे सूट सुरू होतात. गणपती उठले की लगेच गेलात तर निवांत माप घेतील.

जॅकेट घरी आणलं की एक बारीक काम उरतं. पाठीच्या खालच्या उभ्या फटीवर गुणाकाराच्या चिन्हासारखा जाड दोऱ्याचा टाका असतो, तो फक्त ने-आण करताना घडी राहावी म्हणून घातलेला असतो. बाहीवर बाहेरून कंपनीची पट्टी शिवलेली असते. दोन्ही छोट्या कात्रीने, कापडाला धक्का न लावता काढा. खिसेही टाक्याने बंद असतात. त्यातला आतला खिसा उघडायचा तेवढा उघडा, बाहेरचे खिसे शिवलेलेच राहिले तर आकार जास्त दिवस टिकतो. रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. आणि होळीनंतर कपाटात ठेवताना आधी ड्रायक्लीन करा, कारण कसर घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर आधी धरते. मग कापडी पिशवीत घालून सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि पावसाळ्यात एखाद्या कोरड्या दिवशी बाहेर काढून झटका.