आईची रक्त पातळ करणारी गोळी आणि नायट्याचं औषध

आईच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून नऊ वर्षं झाली. झडप धातूची, म्हणून रक्त पातळ करणारी अ‍ॅसिनोकुमारॉलची गोळी जन्मभराची. डॉक्टरांनी तिचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी; आकडा जितका मोठा, तितकं रक्त पातळ) 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायला सांगितलाय. मागच्या पावसाळ्यात परकराच्या नाडीखाली तिला नायटा झाला. फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध, 150 मिलिग्रॅम, आठवड्यातून एक गोळी, असं लिहून मिळालं. आम्ही खाजेसाठी गेलो होतो, झडपेचा विषयच निघाला नाही. दुसऱ्या गोळीनंतर चार दिवसांनी चूळ भरताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं. दंडावर न आपटताच निळा डाग. आयएनआर आला 6.4.

तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत असते.

अ‍ॅसिनोकुमारॉल आणि तशीच दुसरी रक्त पातळ करणारी गोळी वॉरफेरिन, दोन्हींचं मुख्यतः यकृतातल्या एका एन्झाइममुळे विघटन होतं आणि त्या निघून जातात. फ्लुकोनाझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतं. गोळी तेवढीच घेतली तरी अंगात साठत जाते. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्यासुद्धा, पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.’ गोळीचं नाव आणि आयएनआरची वही सोबत न्या. मेडिकलमधून परस्पर बुरशीचं औषध आणू नका.

तोंडात बुरशी झाल्यावर लावायच्या जेलकडे तर फार दुर्लक्ष होतं. मायकोनाझोलचं ओरल जेल हिरड्यांना लावलं तरी ते रक्तात उतरतं आणि आयएनआर धोकादायक वाढू शकतो. कवळी लावणाऱ्यांना हे जेल बऱ्याचदा मिळतं. ‘निस्टाटिन चालेल का?’ असं विचारा, ते पोटातून रक्तात जवळजवळ जातच नाही. त्वचेच्या लहानशा चट्ट्यावर क्लोट्रिमाझोलचं मलम बहुधा चालतं, तेही विचारूनच.

रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या, म्हणजे रिव्हारोक्साबॅन किंवा एपिक्साबॅन, घेणाऱ्यांनी इट्राकोनाझोल या बुरशीच्या औषधाला विशेष जपावं. त्याने या गोळ्यांचं प्रमाण वाढतं आणि आयएनआरमध्ये ते नीट कळत नाही, म्हणजे इशारा मिळतच नाही. ग्रिसिओफुल्विन या बुरशीच्या औषधाचं उलटं, ते वॉरफेरिनचा असर कमी करू शकतं.

बुरशीची गोळी घ्यावीच लागली तर हृदयाच्या डॉक्टरांना आधी फोन करा. डोस कमी करायचा का, ते तेच ठरवतील. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करा, मग कोर्स संपेपर्यंत ते सांगतील तसा. घाबरून रक्ताची गोळी स्वतःहून बंद करू नका, झडपेवर गुठळी धरते. शौचाला काळं झालं, लघवी लाल झाली, नाकातलं रक्त थांबेना, अचानक जोराचं डोकं दुखलं किंवा डोक्यावर पडलात, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

कोर्स संपला की बरेच जण निश्चिंत होतात, आणि तिथेच फसतात. फ्लुकोनाझोल अंगातून जायला आठवडाभर लागतो. तोवर रक्ताच्या गोळीचा डोस कमी केलेला असेल, तर आता आयएनआर खाली घसरतो. आम्ही कालनिर्णयवर शेवटच्या गोळीनंतरच्या आठव्या दिवसाला लाल गोल केला होता. त्या दिवशी आईचा आयएनआर 2.1 आला आणि डोस पुन्हा वाढवावा लागला.